मदतनिधीचा कार्यक्रम आणि कलावंतांचे मानधन: आयोजकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

वाचनालयाचे छप्पर बदलायचे असो, शाळेला संगणक घ्यायचे असोत किंवा एखाद्याच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे जमवायचे असोत, तालुक्याच्या गावात मदतनिधीच्या कार्यक्रमाची बैठक बहुधा एकाच वळणाने जाते. आधी सभागृहाचे भाडे निघते, मग ध्वनिव्यवस्था, जेवण, छपाई, आणि प्रत्येकापुढे रक्कम लिहिली जाते. शेवटी कलावंतांचा विषय येतो तेव्हा कोणीतरी सहज म्हणून जाते, ‘ते आपलेच आहेत, ते काही घ्यायचे नाहीत,’ आणि त्या रकान्यात शून्य पडते.

आमच्या वाचनालयाच्या पहिल्या कार्यक्रमाच्या वेळी त्या शून्याला मीही संमती दिली होती. सात जणांची शाहिरी पार्टी आली, दोन तास रंगली, आणि आम्ही त्यांना शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. सभागृहाला कुलूप लावून घरी निघालो तेव्हा एसटी स्थानकाच्या बाकावर ती मंडळी पहाटेच्या पहिल्या गाडीची वाट पाहत बसलेली दिसली. पाऊस होता. ढोलकीवाल्याने आम्ही दिलेली शाल ढोलकीभोवती घट्ट गुंडाळली होती, कारण दमट हवेत शाई (कातड्यावरचा काळा लेप) आणि पान (कातडे) उतरले तर दुसऱ्या दिवशीचे काम जाणार होते. त्याच रात्री ध्वनिव्यवस्थेवाल्याचे बिल मात्र आम्ही शेवटच्या रुपयापर्यंत चुकते केले होते. त्यानंतरचे सगळे कार्यक्रम आम्ही वेगळ्या पद्धतीने केले, आणि ती पद्धत येथे क्रमाने मांडत आहे.

आधी एक गोष्ट ठरवून घ्या

मदतनिधीसाठी कला सादर करण्याची परंपरा मराठी रंगभूमीला नवी नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसले यांची ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला आणि त्याची आठवण शंभर वर्षांनंतरही निघते. मात्र त्या प्रयोगाचा दाखला देताना एक बाब लक्षात ठेवायला हवी. तो निर्णय कंपन्यांच्या मालकांनी स्वतः घेतला होता आणि नकार देण्याची त्यांची ऐपत होती. गावातल्या संबळवाल्याला किंवा पेटीवादकाला जेव्हा सरपंच, मुख्याध्यापक आणि संस्थेचे अध्यक्ष एकत्र येऊन ‘चांगले काम आहे, या’ असे सांगतात, तेव्हा त्याला नाही म्हणता येत नाही. जे नाकारता येत नाही त्याला देणगी म्हणू नये.

म्हणून बैठकीच्या पहिल्याच दिवशी इतिवृत्तात असा ठराव लिहून घ्यावा की कलावंतांचे मानधन हा खर्चाचा पहिला रकाना राहील आणि निधीची रक्कम सर्व खर्च वजा जाऊनच मोजली जाईल. एखाद्या कलावंताला खरोखरच देणगी द्यायची असेल तर त्याला आधी पूर्ण मानधन द्यावे. मग तो आपल्या हाताने जे देईल त्याची इतर देणगीदारांसारखीच पावती फाडावी आणि त्याचे नाव त्याच यादीत लावावे. हा फरक कागदी वाटतो, पण पावतीवर आपले नाव पाहणाऱ्या कलावंताला तो चांगला कळतो.

तारीख निवडताना कलावंतांचे पंचांग पाहा

आयोजक सुट्ट्या आणि परीक्षा पाहून तारीख ठरवतात आणि मग कलावंत ‘भाव खातो’ अशी तक्रार करतात. लोककलावंतांचे वर्ष जत्रांवर चालते. तमाशाच्या फडांचा हंगाम दसऱ्यापासून सुरू होऊन चैत्र-वैशाखात भरात येतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तेथे येऊन आपल्या जत्रेची सुपारी देतात, म्हणजे पैसे देऊन खेळ ठरवतात. सिंधुदुर्गातील दशावतारी मंडळ्या कार्तिकापासून उन्हाळा संपेपर्यंत रोज रात्री एका देवळातून दुसऱ्या देवळात फिरत असतात. या दिवसांत तुमच्या कार्यक्रमासाठी बोलावणे म्हणजे त्यांची ठरलेली कमाई बुडवणे होय.

उलट जून ते सप्टेंबर या काळात यातील अनेकांच्या हाताला कलेचे काम नसते. कोणी शेतावर राबतो, कोणी मजुरीला जातो. या महिन्यांत बंदिस्त सभागृहात कार्यक्रम ठेवला तर कलावंताला पडत्या काळात काम मिळते आणि तुम्हालाही मन लावून तालीम केलेला संच मिळतो. आमचा कार्यक्रम आम्ही तेव्हापासून आषाढात घेतो. पावसामुळे प्रेक्षक थोडा कमी होतो हे खरे आहे, पण प्रवेशिका आधीच घरोघरी जाऊन विकलेल्या असल्यामुळे निधीला त्याची झळ फारशी लागत नाही.

अंदाजपत्रक

येथे थोडे थांबून आकडे मांडणे आवश्यक आहे, कारण ‘मानधन दिले तर निधीला काय उरणार’ हा प्रश्न बैठकीत हमखास येतो आणि त्याचे उत्तर भावनेने देता येत नाही. पुढील आकडे नमुन्यादाखल आहेत. आपल्या गावचे दर घालून ते बदलावेत.

समजा सभागृहात ५०० खुर्च्या आहेत. त्यातील ५० सन्मानिकांसाठी (निमंत्रितांच्या मोफत प्रवेशिकांसाठी) ठेवल्या, आणि हा आकडा कोणत्याही दबावाने वाढू द्यायचा नाही, तर ४५० उरतात. त्यातील सत्तर टक्के, म्हणजे ३१५ देणगी प्रवेशिका सरासरी ३०० रुपयांना गेल्या तर ९४,५०० रुपये येतात. स्मरणिकेत २,००० रुपयांच्या ४० छोट्या आणि ५,००० रुपयांच्या १० पूर्ण पानांच्या जाहिराती मिळाल्या तर १,३०,००० रुपये होतात. थेट देणग्या १,००,००० रुपये धरल्या तर एकूण जमा ३,२४,५०० रुपये होते.

आता खर्चाची बाजू पाहू. नऊ जणांच्या लोककला पार्टीत प्रमुखाला ५,००० आणि उरलेल्या आठ जणांना प्रत्येकी ३,५०० असे ३३,००० रुपये. सुरुवातीच्या तासाभराच्या गायनासाठी स्थानिक गायिका आणि दोन साथीदार मिळून १५,००० रुपये. सर्वांचा प्रवास आणि जेवण ९,०००. सभागृह २०,०००, ध्वनी आणि प्रकाश २२,०००, स्मरणिकेची छपाई ३०,०००, परवाने आणि प्रवेशिका ८,०००, किरकोळ १०,०००. एकूण खर्च १,४७,००० रुपये आणि निव्वळ निधी १,७७,५०० रुपये.

यात मानधन ४८,००० रुपये, म्हणजे एकूण जमेच्या पंधरा टक्क्यांहून किंचित कमी आहे. ही रक्कम वाचवायची म्हटली तर दहा जास्तीच्या पूर्ण पानाच्या जाहिरातींनी ती भरून निघते. पण ती कलावंतांकडून वसूल केली तर बारा घरांची एका दिवसाची मिळकत जाते. शिवाय प्रवेशिका आणि जाहिरात या दोन्ही गोष्टी कलावंतांच्या नावावरच विकल्या जातात, हे खजिनदाराला सांगायला संकोच करू नये.

मानधनाचा दर ठरवताना ‘गेल्या वर्षी किती दिले’ हा आधार पुरेसा नाही. कलावंतालाच विचारावे की जत्रेतल्या एका सुपारीला किंवा नाटकाच्या एका नाईटला सध्या किती मिळतात, आणि त्याहून खाली जाऊ नये. गायक-वादकांची बिदागी ठरवताना तालमीचे दिवसही मोजावेत. स्थानिक कलावंताला निम्मा दर आणि शहरातून आलेल्या पाहुण्याला दुप्पट दर ही आपल्याकडची जुनी खोड आहे. एकाच मंचावर दोघे असतील तर तिचा घाव फार खोल बसतो.

बोलणी, इसार आणि एका पानाचा करार

बोलणी प्रत्यक्ष भेटून करावीत आणि त्याच भेटीत इसार द्यावा. ठरलेल्या रकमेच्या किमान तिसऱ्या हिश्श्याइतका इसार असावा, कारण पार्टीला वाद्यांची दुरुस्ती, कपड्यांची धुलाई आणि वाहनाची आगाऊ रक्कम यासाठी पैसे लागतात आणि ते हाती नसले की उचल घ्यावी लागते. सावकाराच्या उचलीने तमाशातल्या किती कुटुंबांची वर्षे खाल्ली आहेत हे त्या क्षेत्राच्या जवळ राहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.

करार एका पानाचा आणि साध्या मराठीत असावा. त्यात तारीख, ठिकाण, सादरीकरणाची वेळ आणि अवधी, कलावंतांची संख्या, एकूण रक्कम, इसार, उरलेली रक्कम देण्याची वेळ, प्रवासाची आणि मुक्कामाची सोय हे सर्व लिहावे. दोन मुद्दे सहसा राहून जातात. पहिला, कार्यक्रम रद्द झाला तर काय. आयोजकांच्या बाजूने तो तारखेच्या आधीच्या आठ दिवसांत रद्द झाला तर निम्मे मानधन द्यावे असे आम्ही लिहितो, आणि एका वर्षी पुलावरून पाणी गेल्यामुळे ते खरोखर द्यावेही लागले. दुसरा, चित्रीकरण. कलावंताच्या सादरीकरणावर त्याचा कायद्याने मान्य केलेला हक्क असतो आणि त्याच्या संमतीशिवाय ते चित्रित करून प्रसारित करता येत नाही. समाजमाध्यमांवर संपूर्ण प्रयोग टाकायचा असेल तर त्याचे वेगळे मानधन ठरवावे. नाहीतर तीन-चार मिनिटांपुरती संमती घेऊन तेवढ्यावर थांबावे.

पैसे नेमके कोणाच्या हातात

हा सर्वात नाजूक टप्पा आहे. पार्टीप्रमुखाच्या हाती एकरकमी पाकीट दिले की आपले काम संपले असे आयोजकांना वाटते, पण त्यातून शेवटच्या झीलकऱ्यापर्यंत (मागे सूर धरणाऱ्यापर्यंत) किती पोहोचले हे कळत नाही. दुसरीकडे, प्रमुखाला डावलून प्रत्येकाच्या हाती परस्पर पैसे ठेवले तर त्याचा मान जातो आणि पार्टीत तेढ येते. वर्षभर संच एकत्र ठेवण्याची, वाद्ये आणि वाहन सांभाळण्याची जबाबदारी त्याच्यावर असते हेही विसरता येत नाही.

आम्ही काढलेला मार्ग असा आहे. करार करतानाच प्रमुखाला सांगायचे की प्रत्येक कलावंताचे मानधन त्याच्या बँक खात्यावर जाईल आणि संच चालवण्याची रक्कम प्रमुखाला वेगळी मिळेल. वर दाखवलेल्या ५,००० आणि ३,५०० मधला फरक त्यासाठीच आहे. प्रमुखाने यादी आपल्या सहीने द्यावी, म्हणजे निर्णय त्याचाच राहतो. ज्याचे खाते चालू नाही त्याला रोख रक्कम द्यावी आणि पावतीवर सही किंवा अंगठा घ्यावा. उरलेली रक्कम सादरीकरणाच्या आधी, रंगपटात (कलावंतांच्या तयारीच्या खोलीत), शांतपणे पोहोचती करावी. ‘उद्या धनादेश पाठवतो’ हे वाक्य कोणत्याही कलावंताने आयुष्यात पुष्कळदा ऐकलेले असते.

परवानग्या आणि कर

मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल तर निधी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ क नुसार परवानगी घ्यावी. गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी घेतात तीच ही परवानगी आहे. नाटक, एकांकिका किंवा वगनाट्य असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आहे का हे पाहावे. उघड्या मैदानावर ध्वनिवर्धक रात्री दहानंतर चालत नाही, त्यामुळे वेळापत्रक त्या आत बसवावे आणि भाषणांपायी कलावंताची वेळ कापू नये.

धर्मादाय कार्यक्रमाला लेखकाची परवानगी लागत नाही ही समजूत चुकीची आहे. स्वामित्व हक्काच्या कायद्यातील सवलत हौशी संस्थांना, तीही विनाशुल्क प्रेक्षकांसमोरच्या किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केलेल्या प्रयोगांपुरती आहे. वाचनालयासाठी प्रवेशिका विकून नाटक करायचे तर नाटककाराची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी आणि त्यांचे मानधन हवेच, कारण नाटककारही कलावंतच आहे.

करांच्या बाबतीत दोन तरतुदी आपल्या उपयोगाच्या आहेत. लोककला किंवा शास्त्रीय कलाप्रकारातील संगीत, नृत्य वा नाट्य सादर करणाऱ्या कलावंताचे एका प्रयोगाचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. आणि अशा कार्यक्रमाची प्रवेशिका माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर तिच्यावरही तो लागत नाही. संस्थेला ८०-जी ची मान्यता असेल तर जुनी करप्रणाली निवडलेल्या देणगीदाराला आयकरात सवलत मिळते, परंतु २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला ती मिळत नाही. प्रवेशिका आणि जाहिरात यांच्या मोबदल्यात काहीतरी दिलेले असते, म्हणून त्यांना देणगीची पावती देऊ नये. देणगी, जाहिरात आणि प्रवेशिका अशी तीन वेगळी पावतीपुस्तके छापली की हा घोळ मुळातच होत नाही. बाकीचे बारकावे सनदी लेखापालाला दाखवून घ्यावेत.

चित्रकारांकडून फुकट चित्र मागू नका

चित्रांचा लिलाव ठेवून निधी उभारण्याची पद्धत आता लहान शहरांतही आली आहे आणि तिच्यात अन्याय फार सहज घडतो. डहाणू परिसरातल्या वारली चित्रकारांना किंवा कुडाळजवळच्या पिंगुळीतील चित्रकथी (चित्रे दाखवून कथा सांगण्याच्या) परंपरेच्या कलाकारांना ‘एक चित्र संस्थेला द्या’ अशी मागणी केली जाते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये आणि पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या कलांचा आपण सर्वांनी अभिमान बाळगला. त्याच कलेचे दोन आठवड्यांचे काम फुकट मागताना तो अभिमान कुठे असतो हे मला कळत नाही.

रीत अशी असावी की चित्रकाराने आपली किंमत सांगावी आणि लिलावाची बोली तेथून सुरू व्हावी. चित्रकाराने ६,००० रुपये सांगितले आणि चित्र १०,००० रुपयांना गेले, तर ६,००० पूर्णपणे चित्रकाराचे, आणि वरचे ४,००० निधी व चित्रकार यांच्यात निम्मे-निम्मे. चित्र विकले गेले नाही तर ते सुस्थितीत, संस्थेच्या खर्चाने परत पोहोचवावे. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे बाजारातल्या नकला आणून त्या ‘वारली’ म्हणून विकू नयेत. आणि तयार चित्र विकत घेतले म्हणजे ते स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर किंवा कापडी पिशव्यांवर छापण्याचा हक्क मिळत नाही. तो वेगळा मागावा लागतो आणि त्याचे वेगळे पैसे असतात.

कार्यक्रमाच्या दिवशी

एका कार्यकर्त्याला त्या दिवशी फक्त कलावंतांसाठी नेमावे. वाहन आल्यापासून ते परत निघेपर्यंत त्याने दुसरे काम घेऊ नये. रंगपटाला आतून कडी, आरसा, चालू पंखा, पाणी आणि जवळ स्वच्छ स्वच्छतागृह हवे. लावणी सादर करणाऱ्या स्त्रिया असतील तर रंगपटाच्या दारात महिला कार्यकर्ती उभी राहावी आणि आत कोणालाही छायाचित्र काढू देऊ नये. दौलतजादा (नाचणाऱ्या कलावंतावर पैसे उधळणे) करायचा नाही हे निवेदकाने सुरुवातीलाच सांगावे. कोणाला बक्षीस द्यायचे असल्यास रक्कम टेबलावर नोंदवावी, आणि ती सगळी कलावंतांकडे जावी, निधीत नव्हे.

जेवण कार्यक्रमाआधी गरम वाढावे. पाहुण्यांची पंगत उठल्यावर उरलेले कलावंतांपुढे ठेवण्याची पद्धत ज्या संस्थेत असेल तेथे ती आजच बंद करावी. निवेदनात ‘आणि सहकारी’ न म्हणता प्रत्येक वादकाचे नाव घ्यावे. रात्रीच्या परतीची गाडी दारात उभी असल्याशिवाय आयोजकांनी घरी जाऊ नये.

निधी कलावंतासाठीच असेल तेव्हा

तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांना दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरीही २००२ साली त्यांचे निधन झाले तेव्हा आर्थिक विवंचना सरलेली नव्हती. आज त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. आजारी किंवा वृद्ध कलावंतासाठी निधी उभारताना त्याच्या दैन्याची छायाचित्रे फलकावर लावू नयेत. त्याच्या उमेदीच्या काळातले छायाचित्र लावावे. रक्कम थेट त्याच्या किंवा रुग्णालयाच्या खात्यावर जावी आणि मोठ्या पुठ्ठ्याच्या धनादेशासोबत त्याला मंचावर उभे करू नये.

याबरोबर आणखी एक काम करावे, जे एका रात्रीच्या निधीपेक्षा जास्त दिवस पुरते. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेत पात्र कलावंताला दरमहा ५,००० रुपये मिळतात. अर्जासोबत कलाक्षेत्रातील कामाचे पुरावे लागतात आणि तेथेच गाडे अडते, कारण चाळीस वर्षे गावोगाव गायलेल्या माणसाकडे त्याचा एक कागद नसतो. म्हणून आपल्या कार्यक्रमात सहभागी झालेल्या प्रत्येकाला, अगदी टाळ वाजवणाऱ्यालाही, संस्थेच्या शीर्षपत्रावर नाव, कलाप्रकार, तारीख आणि ठिकाण लिहून सही-शिक्क्याचे पत्र द्यावे. छापील पत्रिकेची एक प्रतही सोबत जोडावी.

हिशेब

पंधरा दिवसांच्या आत जमाखर्च वाचनालयाच्या फलकावर लावावा आणि देणगीदारांना पाठवावा. त्यात ‘कलावंत मानधन’ ही ओळ स्पष्ट, वेगळी आणि पहिली असावी. ती ‘इतर खर्च’ या शीर्षकाखाली लपवू नये. आमच्याकडे मानधन देऊ लागलो त्या पहिल्या वर्षी दोन देणगीदारांनी त्या ओळीवर आक्षेप घेतला होता. त्यांना आम्ही ध्वनिव्यवस्थेच्या बिलाची आणि मानधनाची पावती शेजारी-शेजारी ठेवून दाखवली. त्यातील एकाने पुढच्या वर्षी संबळवादकाचे आणि त्याच्या साथीदाराचे मानधन आपल्याकडून द्यायचे कबूल केले, आणि तेव्हापासून आम्ही आवाहनपत्रात ‘एका कलावंताचे मानधन, ३,५०० रुपये’ असा देणगीचा वेगळा प्रकार ठेवला आहे. हिशेबाची एक प्रत पार्टीप्रमुखालाही द्यावी, आणि ती द्यायला जाताना पुढच्या आषाढाची तारीख विचारून इसार ठेवून यावा.